फुकट, पण कोणाकडून?

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, फोटो नीट करायला जिंप नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतंय. घेऊ का?" मी विचारलं, "कोणाकडून?" तर म्हणे, "नेटवरून!" म्हणजे दूध कुठून आणलंस विचारल्यावर 'रस्त्यावरून' म्हणण्यासारखंच झालं.

हसू नका मंडळी, १९९६ साली मीही तेच केलं होतं. क्लासमधल्या मित्राच्या फ्लॉपीवरून एक गेम दादाच्या कॉम्प्युटरवर घातला आणि सोबत व्हायरसही गेला. दुकानाचे तीन महिन्यांचे हिशेब साफ. दादा रागावला नाही. रात्री दुकान बंद करून वहीतले आकडे पुन्हा भरत बसायचा. ते अजून बोचतं.

खरं तर शेअरवेअर विश्वासावरच उभं राहिलं. १९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगेलमनने 'पीसी-टॉक' आणि जिम नॉफने 'पीसी-फाईल' वाटायला सुरुवात केली. कॉपी करा, मित्रांना द्या, उपयोगी वाटलं तर लेखकाला पैसे पाठवा. १९८३ मध्ये बॉब वॉलेसचं 'पीसी-राईट' आलं आणि 'शेअरवेअर' हे नाव रुळलं. (पब्लिक डोमेन वेगळं. तिथे लेखक हक्कच सोडून देतो. शेअरवेअरची मालकी मात्र लेखकाकडेच राहते.) पैसे कुठे पाठवायचे तो पत्ता प्रोग्रॅमसोबतच असे.

मग पत्ता दिसला की विश्वास ठेवावा का? १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' हा व्हायरस काढला. त्यातही त्यांची नावं, पत्ता, फोन नंबर होते!

म्हणजे मधे निवडून देणारा कोणीतरी लागतो. अमेरिकेत पीसी-सिग ही मंडळी कॅटलॉग छापून थोडक्या डॉलरांत फ्लॉप्या विकत. आपल्याकडे पीसीक्वेस्ट, चिप अशा मासिकांबरोबर सीडी मिळे. अंकाच्या किमतीत ढीगभर प्रोग्रॅम, आणि घोटाळा झालाच तर पत्र कोणाला लिहायचं हे ठाऊक. त्या प्रकरणानंतर असा पहिला अंक मला दादानेच घेऊन दिला.

पण मधला माणूसही बदलतो. २०११ मध्ये डाउनलोड डॉट कॉमने 'एनमॅप'ला नको तो टूलबार चिकटवला. २०१५ मध्ये सोर्सफोर्जने जाहिराती गुंडाळल्या त्या नेमक्या जिंपलाच! दोन्हीकडे मूळ लेखकांनीच बोंब मारली.

म्हणून भाच्याला सांगितलं, जिंपच्या स्वतःच्या साईटवरूनच घे. आणि आवडलं तर थोडे पैसेही पाठव. मी वर्षानुवर्षं पीकेझिप वापरलं, एक रुपया पाठवला नाही. ते लिहिणारा फिल कॅट्झ २००० साली गेला, अवघ्या ३७व्या वर्षी. ती उधारी राहिलीच.

दुसरी उधारी तीन महिन्यांच्या हिशेबांची. दादा, वाचतोयस ना?