इस्लामी धर्मशास्त्रांतील ‘जन्न’

इस्लामी धर्मशास्त्र म्हणजे ईश्वरी आज्ञांची केवळ जंत्री, तेथें बुद्धीला वाव नाहीं, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः त्या शास्त्रकारांनीं बुद्धीच्या अनिश्चित निर्णयास स्वतंत्र नांवच दिलें आहे. संभवनीय, पण निःसंशय नव्हे, अशा मतास ते ‘जन्न’ म्हणत. निःसंशय ज्ञानास ‘यकीन’.

याचें कारण उघड आहे. कुराणांतील विधिनियम मोजके, व्यवहारांतील प्रसंग अनंत. इ. स. ६३२ मध्यें पैगंबर निवर्तले आणि शतकभरांत राज्य स्पेनपासून सिंधपर्यंत पसरलें. जेथें स्पष्ट वचन नाहीं तेथें निर्णय कसा करावा? द्राक्षमद्याचा निषेध खजुराच्या मद्यासही लागू आहे काय? मादकता हेंच निषेधाचें कारण असें ठरवून अनेकांनीं तो लागू केला; कूफ्याच्या पंडितांनीं मात्र दोहोंत भेद मानला. कारणसाम्यावरून नियम लावण्याच्या या रीतीस ‘कियास’ म्हणतात. पण खरें कारण आपण ओळखलें, याची खात्री कोण देणार?

इमाम शाफई (७६७–८२०) यांनीं ‘रिसाला’ ग्रंथांत एक मार्मिक दृष्टांत दिला आहे. काबा ज्याच्या डोळ्यांसमोर आहे त्यानें नेमकें त्याकडेच तोंड करावें. दूरस्थानें मात्र तारे, वारे, डोंगर यांच्या खुणांवरून दिशा ठरवावी. यथाशक्ति शोध केला कीं त्याचें कर्तव्य संपलें.

हें सर्वांस पटलें नाहीं. कॉर्डोव्ह्याच्या इब्न हज्मनें (९९४–१०६४) आक्षेप घेतला कीं, सत्यापुढें जन्न व्यर्थ असें कुराणच सांगतें. मग मनुष्याचा तर्क ईश्वराच्या नांवावर कां खपवावा? आक्षेप क्षुल्लक नव्हे. प्रतिपक्षाचें उत्तर असें: साक्षीदार खोटें बोलूं शकतात, तरी त्यांच्या साक्षीवर न्यायाधीश निकाल देतोच. निर्णय अनिश्चित असेल. पण विचारपूर्वक केलेल्या निर्णयाप्रमाणें वागण्याचें कर्तव्य निश्चित आहे.

या भूमिकेचें फळ मोठें आहे. हनफी, मालिकी, शाफई व हंबली हे चार पंथ शेंकडों प्रश्नांवर भिन्न मतें देतात, तरी त्यांनीं परस्परांस अधिकृत मानलें. इ. स. १२६५ मध्यें सुलतान बैबर्सनें कैरो येथें चारही पंथांचे मुख्य काझी नेमले. भांडणें झालीं नाहींत असें नव्हे. कित्येकदां तीं विकोपासही गेलीं. परंतु आपलें मत जन्न आहे हें जो जाणतो, त्याला निर्णय टाळतां येत नाहीं, आणि प्रतिपक्षाला धर्मद्रोही म्हणण्याचा अधिकारही त्याला उरत नाहीं.