टेहळणी वैमानिकाची साक्ष : एड्रियन वॉरबर्टन यांची कारकीर्द

लढाऊ वैमानिकाच्या पराक्रमाचे मोजमाप इतिहासकाराला फारसे अवघड जात नाही. पाडलेल्या विमानांची संख्या नोंदलेली असते. टेहळणी वैमानिकाची गोष्ट निराळी आहे. शत्रूला चुकवून छायाचित्रे घेणे व ती घेऊन परत येणे एवढेच त्याचे कार्य. त्याचे फळ मात्र इतरांच्या हातून पदरात पडते. अशा कार्याचे मूल्य कसे ठरवावे, हा प्रश्न ब्रिटिश हवाई दलातील विंग कमांडर एड्रियन वॉरबर्टन यांच्या चरित्रामुळे ठळकपणे उभा राहतो.

वॉरबर्टन यांचा जन्म १० मार्च १९१८ रोजी मिडल्सबरो येथे झाला. त्यांचे वडील आरमारात पाणबुडीवरील अधिकारी होते. १९३९ मध्ये ते हवाई दलात दाखल झाले. परंतु प्रारंभी त्यांच्याविषयी वरिष्ठांचे मत फारसे अनुकूल नव्हते. विमान उडवण्याचे व उतरवण्याचे त्यांचे कौशल्य बेताचेच होते. सप्टेंबर १९४० मध्ये ४३१ क्रमांकाच्या लहानशा तुकडीबरोबर ते माल्टा बेटावर आले, तेही वैमानिक म्हणून नव्हे, तर निरीक्षक म्हणून. पुढे काही वैमानिक आजारी पडल्यामुळे अमेरिकन बनावटीचे मेरिलँड विमान त्यांच्या हाती सोपवण्यात आले. सिसिली व लिबिया यांच्या दरम्यान वसलेले माल्टा हे उत्तर आफ्रिकेतील इटालियन व जर्मन सैन्याच्या समुद्री रसदमार्गावर नजर ठेवण्यास अत्यंत सोयीचे ठाणे होते.

या तुकडीच्या कामाचे महत्त्व तारांतो येथे सिद्ध झाले. इटालियन आरमार तेथील बंदरात नांगरून उभे होते. मेरिलँड विमानांनी आणलेल्या छायाचित्रांतून युद्धनौकांच्या जागा, हवेत तरंगते ठेवलेले संरक्षक फुगे व पाणतीर अडवणाऱ्या जाळ्या यांचा उलगडा झाला. हल्ल्यापूर्वीच्या एका उड्डाणात वॉरबर्टन इतके खाली उतरले, की सहकाऱ्यांना नौकांची नावे वाचता आली, असे सांगितले जाते. ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री २१ स्वोर्डफिश विमानांनी चढाई केली आणि तीन युद्धनौका निकामी झाल्या. नौकांची नावे वाचल्याची कथा काहीशी रंगवलेली मानली, तरी छायाचित्रांनी दिलेला पुरावा तिच्यावर अवलंबून नाही. चरित्रातील आख्यायिका व कार्याचा पुरावा यांची अशी विभागणी करणे अगत्याचे आहे.

जानेवारी १९४१ मध्ये या तुकडीचे ६९ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये रूपांतर झाले. १९४३ मध्ये वॉरबर्टन यांच्याकडे ६८३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे नेतृत्व आले. त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर दोनदा व डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस तीनदा मिळाला; अमेरिकेनेही आपल्या फ्लाइंग क्रॉसने त्यांचा गौरव केला.

या कीर्तीचा फेरविचार करण्याची वेळ १९७४ नंतर आली. त्या वर्षापासून ब्रिटिशांच्या संकेतभेदाचे रहस्य लोकांसमोर येऊ लागले. १९४१ च्या उन्हाळ्यापासून इटालियन आरमाराचे यंत्रलिखित संदेश ब्रिटनमध्ये उलगडले जात होते आणि रसदनौकांच्या प्रस्थानाची वार्ता अनेकदा आधीच हाती येत होती. हे रहस्य शत्रूला कळू नये म्हणून त्या नौकांवरून एखादे टेहळणी विमान मुद्दाम फिरवण्यात येई. आपण विमानामुळे सापडलो, अशी शत्रूची समजूत व्हावी हा त्यामागील हेतू. ८–९ नोव्हेंबर १९४१ च्या रात्री माल्टाहून निघालेल्या नौदलाने सात मालवाहू जहाजांचा एक ताफा बुडवला, त्यापूर्वी असेच एक विमान त्या ताफ्यावर गेले होते. म्हणजे काही उड्डाणे पाहण्यासाठी नव्हे, तर दिसण्यासाठी होती. आणि जे वैमानिक प्राण पणाला लावत, त्यांना ही गोष्ट सांगितली जात नसे.

मग टेहळणीचे श्रेय कमी होते काय? प्रस्तुत लेखकाच्या मते येथे कालक्रम निर्णायक आहे. तारांतोची टेहळणी या संकेतभेदाच्या पूर्वीची असल्यामुळे तिचे श्रेय निर्विवाद आहे. त्यानंतरही संदेशातून प्रस्थानाची वेळ कळे. परंतु बंदरात काय शिल्लक उरले, हल्ल्याचा परिणाम काय झाला, हे कॅमेराच सांगू शके. जुलै १९४३ मधील सिसिलीवरील स्वारीपूर्वी तेथील किनाऱ्यांची छायाचित्रे घेणे हेही असेच अपरिहार्य काम होते. तथापि भर समुद्रातील शोधाचे श्रेय सरसकट वैमानिकास देता येत नाही. ते प्रत्येक उड्डाणागणिक तपासले पाहिजे. शौर्याची बाब वेगळी. ज्ञात गोष्टीच्या शोधार्थ गेलेल्यालाही विमानविरोधी तोफांचा मारा तेवढाच खरा होता.

१२ एप्रिल १९४४ रोजी वॉरबर्टन इंग्लंडमधील माउंट फार्म येथून अमेरिकन लाइटनिंग विमानातून जर्मनीकडे निघाले. तेथून त्यांना सार्डिनिया गाठावयाचे होते. ते पोहोचले नाहीत. त्या वेळी त्यांचे वय अवघे २६ होते. पुढे सुमारे अठ्ठावन्न वर्षे त्यांच्या अंताविषयी नाना तर्क प्रचलित राहिले. २००२ मध्ये बव्हेरियातील एग्लिंग गावाजवळच्या शेतात विमानाचे व देहाचे अवशेष मिळाले आणि १४ मे २००३ रोजी ड्युर्नबाख येथील युद्धदफनभूमीत त्यांचा विधिपूर्वक दफनविधी झाला.

तर्कांचा निकाल अखेर जमिनीतील पुराव्याने लागला, तर कीर्तीचा फेरविचार दफ्तरातील पुराव्याने घडवला. सन्मानपदकांवरून शौर्य कळते, उपयोग कळत नाही. तो जाणण्यासाठी वैमानिकाने काय पाहिले, याबरोबरच त्याला पाठवणाऱ्यांना आधीपासून काय ठाऊक होते, हेही अभ्यासकाने विचारले पाहिजे.