हेडफोनची केबल : घरच्या घरी जोडणी

हेडफोनची केबल बहुधा प्लगच्या मानेशीच तुटते. तेथे नवा प्लग जोडला की काम भागते. माइक नसलेल्या हेडफोनच्या ३.५ मिलिमीटर प्लगमध्ये टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्याचे, तर मागची नळी दोघांच्या सामाईक तारेची. खरी मेख तारेत आहे. बऱ्याच हेडफोनच्या केसासारख्या तारांवर रंगीत विद्युतरोधक लेप असतो. तो खरवडल्यावाचून वा जाळल्यावाचून डाख धरत नाही, आणि नवशिका बिचाऱ्या सोल्डरिंग आयर्नला दोष देतो. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे यांचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. शिसे हाताळल्यावर हात धुवावेत. प्लगचे टोपण डाख देण्यापूर्वीच तारेत ओवावे. हे विसरून सारे पुन्हा उकलण्याची पाळी बहुतेकांवर एकदा तरी येते! टोपण बसवण्याआधी तारा एकमेकींना टेकल्या नाहीत ना, हे मल्टिमीटरने तपासावे.