संगणकजाळ्याची विद्या आणि सीमेवरचा विद्यार्थी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी योग्य पुस्तक योग्य विद्यार्थ्याच्या हाती पोचविण्यात आयुष्य वेचले. म्हणून एका नव्या विद्येच्या ग्रंथांची हकिगत सांगावी, असे मी योजिले आहे.

एकाच इमारतीतील संगणक जोडणाऱ्या जाळ्यास ‘लॅन’ म्हणतात. त्याचा उगम एका निबंधाच्या वाचनात आहे. हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन यांनी रेडिओलहरींनी संगणक जोडण्याविषयी 1970 मध्ये निबंध लिहिला. तो रॉबर्ट मेटकाफ यांच्या वाचनात आला आणि 1973 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात त्यांनी तोच विचार तारेवर उतरविला. हेच ‘इथरनेट’. त्याची रीत गावच्या पारावरील बैठकीसारखी आहे: आधी ऐकावे, कोणी बोलत नसेल तर बोलावे; दोघे एकदम बोलू लागले तर दोघांनी थांबावे व कमीअधिक वेळाने पुन्हा आरंभ करावा. मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी 1976 मध्ये हे छापून प्रसिद्ध केले. 1980 मध्ये तीन कंपन्यांनी मिळून त्याचे तपशील जगापुढे ठेविले. ज्याला वाचता येत होते, त्याला ते जाळे उभारता येत होते.

आपल्या देशात 1986 मध्ये ‘अर्नेट’ प्रकल्प सुरू झाला. मुंबईची दोन शिक्षणकेंद्रे त्यात होती. पांढुर्णा-सौंसरला मात्र ही विद्या उशिरा आली. 1956 पर्यंत नागपूर आपली राजधानी होती. त्यानंतर ती सीमेपलीकडे गेली. घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि संगणकाचे पुस्तक इंग्रजीत, अशी आपल्या मुलांची तिहेरी कसोटी झाली.

मी हा विषय शिकू लागलो तेव्हा नागपुरातून दोन पुस्तके आणली. एकात कोणती कळ केव्हा दाबावी एवढेच होते. दोन वर्षांत ते निरुपयोगी झाले. दुसरे अँड्र्यू टॅननबॉम यांचे, प्रथम 1981 मध्ये निघालेले. ते शब्दकोश उशाशी ठेवून वाचले. त्यातील तारा जुन्या झाल्या, कारणे झाली नाहीत. आज स्विचमुळे तारेवरील टक्कर उरली नाही. परंतु वाय-फाय अजूनही आधी ऐकते आणि मग बोलते. ज्याने कारण शिकले होते, त्याला हे नवे वाटले नाही.

आज आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य मिळतात. साधनांचा दुष्काळ सरला. निवडीचा प्रश्न उरला. ‘असे का?’ याचे उत्तर देणारे साधन निवडावे, ही माझी कसोटी आहे.

2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. या शाळेने दोन जुने संगणक, एक स्विच व मराठीत हाताने लिहिलेली एक वही विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे. वही दरवर्षी विद्यार्थ्यांनीच पुढे लिहावी. गुरुजींना याहून उचित श्रद्धांजली मला सुचत नाही.