काचेच्या प्लेटपासून वेबकॅमपर्यंत

आपल्या हैदराबादला आकाशाचे फोटो काढण्याची परंपरा जुनी आहे. नवाब जफर जंग यांनी 1901 मध्ये फिसलबंडा येथे वेधशाळा उभारली. पुढे ती निजाम सरकारकडे आली आणि बेगमपेठेत हलली. फोटोंवरून साऱ्या आकाशाचा नकाशा करण्याचे जे काम 1887 मध्ये पॅरिसला ठरले, त्यातला दक्षिणेकडचा 17 ते 23 अंशांचा पट्टा या वेधशाळेने उचलला. काचेची प्लेट लावायची, दुर्बीण ताऱ्यांच्या चालीने फिरवत ठेवायची, मग प्लेटवरचा एकेक ठिपका मोजायचा. संस्थेचे, पगारी माणसांचे, वर्षानुवर्षांचे काम.

घरच्या गच्चीवरून ग्रहांचा चांगला फोटो घेणे हौशी माणसाला मात्र सहसा जमत नसे. अडचण हवेची. भर उन्हात डांबरी रस्त्यावरचे दृश्य थरथरते, तसे दुर्बिणीतले गुरूचे बिंब थरथरते. एखाद्या क्षणी डोळ्याला पट्टे लख्ख दिसतात. फिल्मवर तो क्षण पुढच्या-मागच्या थरथरीत मिसळून पुसट होतो.

आमच्या पिढीला वेबकॅम म्हणजे परदेशातल्या नातवंडांचे चेहरे दाखवणारे यंत्र. 2000 च्या सुमारास हौशी मंडळींनी त्याचे भिंग काढून टाकले आणि तो दुर्बिणीच्या नेत्रिकेच्या जागी बसवला. जोडायला नळी कुठली? फिल्मच्या रोळाची प्लास्टिकची डबी! दुर्बिणीच्या सव्वा इंची तोंडात ती जवळजवळ बरोबर बसते. फिल्मचे दिवस संपवणारा कॅमेरा फिल्मच्याच डबीतून दुर्बिणीला लागला.

फिलिप्सचा टूकॅम त्यात विशेष लाडका. चित्र जेमतेम 640 बाय 480 बिंदूंचे, पण मिनिटाला शेकडो. स्थिर हवेतली तेवढी निवडायची, बाकीची टाकून द्यायची आणि निवडलेली एकावर एक रचायची. मग दाणेदारपणा विरतो, बारकावे वर येतात. अशा 'नशिबाच्या' चित्राची शक्यता डेव्हिड फ्राइड यांनी 1978 मध्येच गणिताने मांडली होती. नेदरलँड्सच्या कोर बेरेव्होएट्स यांनी रेजिस्टॅक्स हे सॉफ्टवेअर फुकट दिले आणि निवडीचे कष्ट संगणकाकडे गेले. नवख्याने चंद्रापासून सुरुवात करावी. गणेशचतुर्थीचा तेवढा अपवाद.

19 जुलै 2009 च्या रात्री ऑस्ट्रेलियातल्या मरम्बेटमन गावी अँथनी वेस्ली घरच्या 14.5 इंची दुर्बिणीतून गुरू टिपत होते. कॅमेरा वेबकॅमचा थोरला भाऊ, म्हणजे औद्योगिक व्हिडिओ कॅमेरा, रीत तीच. हवा बिघडली, गृहस्थ आवरण्याच्या बेतात होते. घरात जाऊन थोडा वेळ टीव्हीवर गोल्फ-क्रिकेट पाहिले आणि पुन्हा येऊन बसले. गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ काळा डाग! एखाद्या चंद्राची सावली म्हणावी तर जागा जुळेना. दोन दिवसांपूर्वीच्या स्वतःच्याच फोटोंत तो नव्हता. त्यांनी लगेच ईमेल धाडले. हवाई बेटावरच्या नासाच्या अवरक्त दुर्बिणीने खात्री केली: गुरूवर काहीतरी आदळले होते.