गळा कोणाचा, मुद्रा कोणाची?

वाचकहो, ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकात आणि बोलपटात पाहिलेली मंडळी तुमच्या अलिबाग-मुरूडकडेही असतीलच. १९६७ साली रंगभूमीवर खाँसाहेब वसंतराव देशपांडे, गळाही त्यांचाच. २०१५ च्या बोलपटात मुद्रा सचिन पिळगावकरांची, गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. सदाशिव झाले सुबोध भावे, गायले महेश काळे. पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही काळ्यांनाच मिळाला. पंडितजी झालेले शंकर महादेवन मात्र स्वतःच गायले.

मग नटाचे गाणे जोखायचे कसे? तान उसनी असेना का. तानेआधी छाती भरते का, समेवर मान अचूक येते का, एवढे पाहा. ती दाद नटाची. सुरांची दाद मात्र गायकाचे नाव घेऊनच द्या. पडद्यावर तो दिसत नाही, म्हणून त्याचे देणे बुडवू नये.