व्हिडिओ डिस्क रूपांतर : चित्रदोष व त्यांचे निवारण

व्हीसीडी किंवा डीव्हीडीवरील चित्रण संगणकावर घेऊन त्याची नवी फाईल करताना चित्र चौकोनांत फुटते, त्यावर आडव्या रेघा येतात, रंग पालटतात किंवा माणसे बारीक-जाड दिसू लागतात. दोष वाचनातला आहे, मूळ चित्रणातला आहे की रूपांतरातला, हे ओळखले की उपाय सापडतो. उदाहरणासाठी येथे उरण भागातील घरगुती लग्नांच्या डिस्क घेतल्या आहेत.

उरणचा संदर्भ : रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात आगरी-कोळी लग्नांचे चित्रण आधी कॅसेटवर व पुढे डिस्कवर होऊ लागले. हळद, वरात आणि धवलारिणींचे धवळे (लग्नगीते गाणाऱ्या स्त्रियांची गाणी) त्यात टिपले जातात. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि शेती व मिठागरांचा हा परिसर झपाट्याने बदलला. त्यामुळे घरच्या डिस्कमध्ये लग्नाबरोबर गावाचे जुने रूपही सापडू शकते. खाडीकाठच्या दमट हवेत डिस्कवर बुरशीचे डाग पडू शकतात. घरी लिहिलेल्या डिस्कमधील रंगद्रव्याचा थर उष्णता, ऊन व ओल यांनी खराब होतो.

चौकोनांत फुटणारे चित्र : डिस्कवर प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते व मधल्या फ्रेममध्ये मुख्यतः बदल नोंदवलेले असतात. एक तुकडा वाचला गेला नाही, तर पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत बिघाड टिकतो. आपल्याकडील पाल पद्धतीच्या डीव्हीडीत हे अंतर सहसा अर्ध्या सेकंदाच्या आसपास असते. नवरीच्या गालाला हळद लागताना चेहरा क्षणभर चौकोनांत फुटला आणि लगेच सावरला, तर वाचनदोषाचा संशय घ्यावा. व्हीसीडीच्या चित्रभागाला डेटा सीडीइतके चूक-दुरुस्तीचे संरक्षण नसते, म्हणून ओरखडा तिला अधिक बाधतो. डिस्क मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. तरीही अडले तर दुसऱ्या ड्राइव्हवर, कमी वेगाने वाचून पाहावे.

आडव्या रेघा : हलत्या हातांच्या कडा कंगव्याच्या दात्यांसारख्या दिसल्या, तर कारण वेगळे. पाल डीव्हीडीत सेकंदाला 25 फ्रेम असतात. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रणात प्रत्येक फ्रेम सम व विषम ओळींच्या दोन फील्डची असते, आणि त्या दोन वेगळ्या क्षणांच्या असतात. हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस (फील्डमुळे येणाऱ्या रेघा काढणारा) पर्याय चालू करावा. हालचाल पुढे-मागे झटके घेऊ लागली तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे. 352×288 आकाराच्या व्हीसीडीत मुळात फील्ड नसतात. तेथे हा पर्याय लावल्यास उभा तपशील नाहक कमी होतो.

आकार व रंग : पाल डीव्हीडीचे चित्र 720×576 असे साठवलेले असते, पण ते 4:3 किंवा 16:9 प्रमाणात दाखवायचे असते. हे प्रमाण सुटले की माणसे ताणलेली दिसतात. संपूर्ण चित्र हिरवे-गुलाबी दिसल्यास रंगमाहिती चुकीच्या रूपात वाचली जात आहे; प्लेअर किंवा डिकोडर बदलून पाहावा.

कुलूपबंद डिस्क : काही व्यावसायिक डीव्हीडींवर संकेतबद्ध संरक्षण असते, त्यांच्या फाईल नुसत्या उतरवल्या तर चित्र विस्कटते. असे संरक्षण तोडण्याबाबत कॉपीराइट कायद्यात 2012 पासून तरतूद आहे. घरच्या लग्नाच्या डिस्कला सहसा असे कुलूप नसते.

कामाचा क्रम : आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल, डिस्क इमेज) हार्ड डिस्कवर घ्यावी व रूपांतर तिच्यावरून करावे. दोष दिसला की तोच क्षण व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये मूळ डिस्कवर पाहावा. तेथेही दोष असेल तर तो वाचनाचा किंवा मूळ चित्रणाचा. तेथे चित्र स्वच्छ असेल तर रूपांतराची सेटिंग्ज तपासावीत. पुरी फाईल करण्यापूर्वी हालचाल असलेला एक मिनिटाचा तुकडा करून पाहावा. फाईल नीट झाली तरी डिस्क फेकू नये. प्रतिमेच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ डिस्क कोरड्या, अंधाऱ्या जागी उभी जपावी.